तुझा अमेरिकन डिफेंडर

शारजा, १९ ऑक्टोबर २०२४

दादा,

‘प्रिय’ मुद्दाम लिहिलेलं नाही.

मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुझ्या न्यू जर्सीच्या ऑफिसातलं कुणीतरी ते वाचेल, दोन वाक्यांत तुला सांगेल आणि तू गाडी चालवता चालवता ऐकशील. हे तुला स्वतःलाच वाचावं लागेल. फोन करत नाही, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो. लहानपणापासून तेच चालत आलंय.

आईला पुरलं त्या दिवशी तू चर्चच्या मागे, कबरींच्या मधोमध उभा राहून कुणा गोलकीपरचा सौदा करत होतास. फादर प्रार्थना थांबवून तुझी वाट बघत होते. सगळी आळी बघत होती. तेव्हापासून मला तुझी किळस येते. तोंडावर सांगायचं राहून गेलं होतं.

त्यानंतर तुझा पहिला निरोप आला तो हा: “लॉयड, माझा एक अमेरिकन डिफेंडर तुझ्या क्लबात येतोय. जरा सांभाळ, महागातला माल आहे.”

माल. वसईच्या फुटबॉल टीममध्ये तू आणि मी बॅकला खेळायचो तेव्हा आपल्याला कुणी माल म्हटलं असतं, तर तू त्याचे दात पाडले असतेस.

असो. माल पोचला. ग्रेडी टॉलिव्हर, वय चौतीस, उंची दरवाज्याएवढी. क्लबाने त्याला इथेच अल मजाजमध्ये, आमच्या मागच्या टॉवरमध्ये फ्लॅट दिलाय. फिजिओला माणूस आधी पाठीवरून कळतो, मग तोंडावरून. टेबलावर पालथा पडून तो एकेक गोष्ट सांगतो, आणि जिथे जिथे माझा हात अडतो तिथे एकेक गाव निघतं. नाक टल्सामध्ये मोडलं. गालाच्या हाडात नॉर्वेत बसवलेली धातूची पट्टी आहे. तिथे एका हंगामासाठी गेला होता, बर्फात खेळायचा. डावा गुडघा रिचमंडचा.

मूळचा ओहायोतल्या टोलीडोचा. वडील काचेच्या कारखान्यात होते. शाळेत सगळ्या पोरांना पुढे खेळायचं होतं, गोल मारायचे होते. हा उंच आणि पायांनी जड. कोच म्हणाला, तू मागे उभा राहा आणि काही आत जाऊ देऊ नकोस. “मी तेच केलं,” तो म्हणतो, “अजून तेच करतोय.” तिकडे क्लब कॉलेजातल्या पोरांना एका हॉलमध्ये जमून निवडतात म्हणे. याचं नाव पुकारलं तेव्हा लोक खुर्च्या सोडून निघाले होते. पण नंतर एकदा त्याला देशाच्या टीममध्ये बोलावणं आलं. पूर्ण मॅच बाकावर बसून काढली, मैदानात उतरवलाच नाही. “तो शर्ट घरी आहे. घामच नाही लागला, त्यामुळे कधी धुतला नाही.” असं म्हणून तो इतका हसला की टेबल हललं.

मला माणूस आवडला. तू धाडलेला असूनही.

तुझ्याबद्दल काय बोलतो ते ऐक. “तिशी उलटल्यावर सगळ्या एजंटांनी माझे फोन घेणं बंद केलं. ॲल्फ्रेडने स्वतःहून फोन केला. तुझा भाऊ ग्रेट माणूस आहे, मॅन.” मी त्याच्या पाठीवर तेल चोळत राहिलो.

आता कामाचं. त्याचं डोकं दुखतं. ट्रेनिंगनंतर ट्रीटमेंट रूममधले दिवे बंद करायला लावतो आणि डोळ्यांवर टॉवेल घेऊन पडतो. विचारलं तर म्हणतो, उन्हामुळे. अरे, आमचं ट्रेनिंग सूर्य बुडाल्यावर असतं. त्याच्या डोक्याला आधी किती मार बसलाय, हे त्याला इथे विकण्याआधी तुला माहीत होतं का? हो की नाही, एवढंच कळव.

लॉयड


शारजा, ८ डिसेंबर २०२४

दादा,

मी हो की नाही विचारलं होतं. तू अंगठ्याचं चित्र पाठवलंस. त्याचा अर्थ मी माझ्या परीने लावला.

काल काय झालं ते तुला स्कोअरवरून कळणार नाही, म्हणून लिहितो. पहिल्या हाफमध्ये त्यांचा कॉर्नर होता. ग्रेडी आणि त्यांचा एक फॉरवर्ड एकाच बॉलसाठी उडाले. डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज बेंचपर्यंत आला. तो पोरगा उठून बसला. ग्रेडी नाही उठला. त्याचे दोन्ही हात हवेत ताठ झाले होते, बोटं वळलेली, जणू कुणाला तरी अडवतोय. हात असे झाले म्हणजे मेंदूला धक्का बसला, हे फिजिओच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी बॅग घेऊन धावलो. आमचे क्लबचे डॉक्टर हातेम माझ्या मागून आरामात चालत आले. त्यांनी अमोनियाची बाटली त्याच्या नाकाशी धरली, मग दोन बोटं दाखवली.

“किती?”

“दोन.”

“खलास. यल्ला, यल्ला.” म्हणजे झालं, चल, खेळ.

डॉक्टर नेहमी दोनच बोटं दाखवतात. टीममधल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

हाफटाइमला तो ड्रेसिंग रूममध्ये ओकला. बादलीत, मग बादलीच्या बाहेर. मी त्याचं कपाळ धरून बसलो होतो. तेवढ्यात टीम मॅनेजर सालेम आत आले. अंगात पांढरीशुभ्र कंदुरा, इथला पायघोळ झगा, हातात फोन. त्यांनी नाक मुरडलं आणि कुणाला तरी खूण केली. मला वाटलं, स्ट्रेचर मागवतायत. आली ती ऊदाची धुपाटी. तिचा धूर त्या ओकारीवर फिरवला आणि वर एक टॉवेल टाकला. दादा, तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही. घाण असती तर घाणीचा वास धुतला असता. हा घाणीवर अत्तर ओतल्याचा वास होता. घरी येऊन शर्ट मी फेकून दिला. सोफिया म्हणाली, “अरे, नवा होता ना?” 

मी डॉक्टरांना सगळ्यांसमोर सांगितलं, हा दुसऱ्या हाफला खेळता कामा नये. ते माझा गाल थोपटून म्हणाले, “हबीबी, तू मालिश कर.” मग मी मॅनेजरना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ग्रेडीला विचारलं, “ओके?” आणि ग्रेडी म्हणाला, “ओके.” तो नाही म्हणणारा माणूसच नाही. नाही म्हणणारा असता तर डिफेन्सला खेळला नसता.

तो खेळला. आम्ही जिंकलो. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला काचेची एक वस्तू दिली. बसमध्ये माझ्या शेजारी बसून ती मांडीवर धरून त्याने मला हळूच विचारलं, “आपण जिंकलो ना?”

आणि मग तुझा व्हॉइस मेसेज. मी तुला रात्रीच घाईत इंग्रजीत मेसेज करून थोडक्यात कळवलं होतं, तू काय म्हणालास? “अरे, डिफेंडरला डोकं असतं कशाला? हेडर मारायला!” आणि हसलास. मागे आणखी कुणीतरी हसलं. म्हणजे माझा मेसेज तू चारचौघांत वाचून दाखवलास.

मी तो पुसला. पण ऐकल्यावर पुसला, त्याला काय अर्थ?

लॉयड


शारजा, २७ जानेवारी २०२५

दादा,

परवा आपण भेटलो. तू जे बोललास ते तुलाच लिहून पाठवतोय, कारण तुझ्या तोंडून निघालेल्या गोष्टी तू नंतर ओळखत नाहीस.

पण त्याआधी, तू आलास तेव्हा मी इतका तापलेला का होतो, ते सांगतो.

डिसेंबरपासून ग्रेडी शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतो. सोफियाने केलेली सुक्या बोंबलाची चटणी पहिल्यांदा समोर आली तेव्हा त्याने वास घेऊन विचारलं, “हे मेलेलं आहे हे नक्की ना?” आता डब्यातून घरी नेतो. इरा त्याच्याजवळ बसून होमवर्क करते. त्याची स्वतःची दोन मुलं तिकडे बायकोपाशी आहेत. इराच्या वह्या तो त्यांच्या वह्यांसारख्या उलटतो. गेल्या शुक्रवारी तो तिला विचारत होता, शाळेत कुठला खेळ खेळतेस. ती म्हणाली, “बास्केटबॉल.” जेवण वाढेपर्यंत पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. गोड खाताना तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, “डॅडा, इज ही जोकिंग?”

तो जोक करत नव्हता. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले. इतका मोठा माणूस, ताटात मान घालून बसला.

त्याच आठवड्यात वॉचमनने मला फोन केला. ग्रेडी खालिद लगूनच्या पाण्याकडेला ट्रेनिंगच्या कपड्यांत उभा होता. त्याचा टॉवर समोर दिसत होता. कुठला आपला, ते कळत नव्हतं. मी त्याला घेऊन वर गेलो, चहा करून दिला आणि सरळ सांगितलं, “ग्रेडी, बस झालं. आता थांब. आणखी एक मार बसला तर तू घरी परत जाशील, पण घर ओळखशीलच असं नाही.”

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “लॉयड, मला दुसरं काही येत नाही. आणि मी आता थांबलो तर ॲल्फ्रेडला तोंड कसं दाखवू? त्याने माझ्यासाठी किती केलंय.”

तुझी इभ्रत राखायला चाललाय तो. तुझी!

हे सगळं पोटात घेऊन मी परवा तुला लगूनवरच्या त्या कॉफी शॉपमध्ये भेटलो. तू कुनाफा मागवलास. पाक तुझ्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळत होता आणि त्याच बोटाने तू फोनवर मला ग्रेडीचा व्हिडिओ दाखवत होतास. “बघ, काय टायमिंग आहे! बहारीनचे लोक वेडे झालेत. फेब्रुवारीत बघायला येतायत. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट.”

मी म्हटलं, “दादा, त्याला स्वतःच्या घराचा रस्ता सापडत नाही.”

“मग जीपीएस कशाला असतो?”

“तो एकच प्रश्न तीन-तीनदा विचारतो.”

“माझी बायको पण विचारते.” बोट चाटलंस. मग आवाज खाली आणून, आपण लहान असताना आंबे चोरायला न्यायचास तेव्हाच्या आवाजात म्हणालास, “हे बघ, एक महिना त्याला उभा ठेव. सही झाली की मग तिकडचे डॉक्टर आणि ते बघून घेतील. तुलाही घेऊन जातो. हेड फिजिओ. फॅमिली व्हिसा, सगळं. इन्शाल्ला.”

“आणि तो?”

“लॉयड, मी त्याला काय मैदानात ढकलतो? त्याला विचार. तो स्वतः सांगेल, मला खेळायचंय.”

सगळ्यात वाईट हेच. तू खोटं बोलत नव्हतास. तो सांगेलच. त्याच्या भलेपणावरच तुझा धंदा चाललाय. मी उठलो. तू मागून हाक मारलीस, “अरे, कुनाफा तरी खा!”

लॉयड


शारजा, २४ फेब्रुवारी २०२५

दादा,

शुक्रवारी तू स्टँडमध्ये होतास. पण तुझ्या जागेवरून बरंच दिसलं नसेल, किंवा तू पाहिलं नसशील. तेव्हा माझ्या जागेवरून काय दिसलं ते वाच.

बहारीनचे दोघे तुझ्या दोन्ही बाजूंना बसले होते. पहिला हाफ ग्रेडी झकास खेळला. त्याच्या पायांना सगळं पाठ आहे. मीसुद्धा क्षणभर म्हटलं, उगाच घाबरतोय का मी?

हाफटाइमनंतर टीम बाजू बदलतात. आमचे सगळे त्या बाजूला गेले. ग्रेडी जुन्याच बाजूला गेला. त्यांच्या गोलपुढे जाऊन, त्यांच्या गोलकीपरकडे पाठ करून उभा राहिला आणि हात करून त्यांच्याच डिफेंडरांना सांगायला लागला: तू इकडे ये, तू याला धर. अगदी मनापासून. ज्या गोलचं रक्षण करायचं होतं तो त्याच्यासमोर दूर, पलीकडच्या टोकाला होता.

लोक हसले. आमच्या बेंचवरचे हसले. त्यांच्या एका पोराने पुढे होऊन त्याला सलाम ठोकला. डॉक्टर हातेम म्हणाले, “अमेरिकन ह्यूमर.” तूही हसत होतास का, दादा? मी वर पाहिलं तेव्हा तू बहारीनवाल्याच्या कानात काहीतरी सांगत होतास.

ग्रेडी हसण्याचा आवाज ऐकून थांबला. आजूबाजूचे शर्ट बघितले. मग स्वतःचा शर्ट हाताने ओढून त्याचा रंग पाहिला. ते मी बघू शकलो नाही.

मी उठलो. मॅनेजर ओरडले, “कुठे?” मी थेट फोर्थ ऑफिशियलकडे गेलो, तो रेषेजवळ उभा असतो ना, खेळाडू बदलताना बोर्ड दाखवणारा. त्याला म्हटलं, “मी या टीमचा फिजिओ आहे. आमच्या पाच नंबरच्या मेंदूला इजा झालीय. डिसेंबरपासून आहे. क्लबाला माहीत आहे. तुम्ही आता मॅच सुरू केलीत तर तुम्हालाही माहीत होतं असं होईल.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, ग्रेडीकडे पाहिलं, आणि रेफ्रीला बोलावलं. तो चांगला माणूस निघाला. नाव विचारायचं राहिलं.

ग्रेडीला बाहेर काढला. तो चालत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं मारणार. त्याने माझ्या पायाशी थुंकून म्हटलं, “जूडस.” मोठ्याने नाही. अगदी साध्या आवाजात. येशूबरोबर जेवून त्याला विकणारा जूडस मी, आणि हे म्हणणारा माझ्या घरी जेवलेला माणूस.

मग टनेलमध्ये तू आलास. आयुष्यात पहिल्यांदा तुला घाम फुटलेला पाहिला. तुझं पहिलं वाक्य होतं, “ते दोघे निघून गेले.” दुसरं, “आज आई असती तर तिला काय वाटलं असतं?”

आईचं नाव तू मला त्या टनेलमध्ये, त्या घामट वासात ऐकवलंस. मी तुझ्या तोंडावर ओकलो नाही, एवढीच मी आपल्या नात्याची लाज राखली.

क्लबने मला काल काढलं. व्हिसाची कामं बघणारा क्लबचा पीआरओ म्हणाला, व्हिसा खलास, मुदतीत दुसरी नोकरी बघ नाहीतर सामान बांध. इराची परीक्षा तोंडावर आहे. सोफियाने संध्याकाळी डबा भरला आणि मला म्हणाली, “त्याच्याकडे नेऊन दे. आज कुणीच नसेल त्याच्यापाशी.”

मी गेलो. त्याने दार उघडलं नाही. डबा दाराशी ठेवून आलो.

तू कुठे होतास? तुझं विमान रात्रीचं होतं असं कळलं.

लॉयड


शारजा, ४ मे २०२५

दादा,

हे शेवटचं. यानंतर लिहिणार नाही.

मला नोकरी लागली. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत एक छोटं क्लिनिक आहे. तिथल्या ड्रॅगन मार्टच्या बाजारात सामान उचलून कंबर धरलेली माणसं येतात. शारजाहून ट्रॅफिकमध्ये जीव जातो, पण तिथे आलेल्या माणसाला मी “झोपा, आराम करा” म्हटलं तर कुणी माझा गाल थोपटत नाही. व्हिसा झाला. इरा पास झाली.

ग्रेडी मार्चमध्ये टोलीडोला परत गेला. क्लबने तिकीट काढून दिलं आणि फेसबुकवर ‘थँक यू, वॉरियर’ लिहून टाळ्यांची चित्रं टाकली. खाली डॉक्टर हातेमनीही हृदय टाकलंय. त्याची बायको डॅना मला कधीमधी लिहिते. तिकडच्या डॉक्टरांचं म्हणणं, काही परत येईल, काही येणार नाही. आता चेंडूला डोकं लावायचं नाही, हे मात्र नक्की.

तू त्याला ईमेल पाठवलीस तेही तिने सांगितलं. ‘आमची एजन्सी यापुढे आपलं प्रतिनिधित्व करू शकणार नाही.’ खाली तुझी सहीसुद्धा नव्हती. ऑफिसची होती.

गेल्या महिन्यात एका दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, “लॉयड, मी त्या दिवशी तुला जे म्हटलं ते मला आठवतं. मला माफ कर. तू एकटाच माझ्या बाजूने खेळत होतास.” मी क्लिनिकच्या जिन्यात बसलो होतो. रडलो, खोटं कशाला सांगू. म्हटलं, “कधीच केलं माफ. तुझे बोंबील पाठवतो.” तो हसला. मग म्हणाला, “ॲल्फ्रेड माझ्यासाठी कोचिंगचं बघतोय. लहान मुलांची टीम. तो करेल, त्याने कधी मला वाऱ्यावर सोडलं नाही.”

मी त्याला सांगितलं, ग्रेडी, त्याने तुला सोडलंय. ईमेल आलीय, डॅनाने वाचलीय. मग एक आवाज आला. मॅचमध्ये त्याला कितीदा लागलेलं पाहिलंय मी, पण असा आवाज त्याने कधी काढला नव्हता.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. “लॉयड, मी त्या दिवशी तुला जे म्हटलं ते मला आठवतं. मला माफ कर.” तेच शब्द, तोच क्रम. मी म्हटलं, “कधीच केलं माफ.” तो तितकाच खूश झाला. आणि मग, “ॲल्फ्रेड माझ्यासाठी कोचिंगचं बघतोय.”

मला वाटलं, खोट्या आशेवर ठेवणं म्हणजे तुझंच काम पुढे चालवणं. म्हणून पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच आवाज आला. त्याला ते पहिल्यांदाच कळत होतं.

काल परत फोन आला होता. माफी मागितली, मी दिली. ती मी रोज देईन, मला त्याचा त्रास नाही. मग त्याने तुझं नाव घेतलं, आणि मी म्हटलं, “ग्रेडी, मला ठाऊक नाही. ॲल्फ्रेड स्वतः तुला फोन करेल.”

मी त्याला आता तिसऱ्यांदा सांगणार नाही. ते तू सांग. ऑफिसातून नको, ईमेलने नको. स्वतःच्या तोंडाने सांग, आणि तो आवाज ऐक. मग दोन दिवसांनी त्याचा फोन येईल, तुझे आभार मानायला. तो उचल, आणि पुन्हा सांग.

लॉयड